मिरजेच्या माजघरातले टिपूचे मुलगे

मिरजेतल्या एका जुन्या घरात माजघराच्या भिंतीवर एक चौकट कित्येक वर्षं टांगलेली होती. काच एका कोपऱ्यात तडकलेली, आतला कागद चहासारखा पिवळा, वरच्या बाजूला ओलीचा डाग. घरात त्या चित्राला सगळे "पेशव्यांचा दरबार" म्हणत. मधोमध लाल कोटातला इंग्रज सरदार, त्याच्यापुढे भरजरी पोशाखातली दोन मुलं, मागे तंबू आणि हत्ती. आजींनी थोरल्या मुलावर बोट ठेवून मला सांगितलं, "हे सवाई माधवराव." धाकटा कोण, ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

जुने कागद आणि छापील चित्रं पाहायची मला खोड आहे, म्हणून घरच्या मंडळींनी बोलावलं होतं. काच बदलायची होती, आणि त्याआधी चित्राचं खरंखोटं कळावं एवढीच त्यांची अपेक्षा. तीन बैठकांत जे हाती आलं ते इथे मांडतो. यातली चूक समजण्यासारखी आहे, आणि नेमकी तीच या गोष्टीतली सगळ्यात रंजक बाब आहे.

पहिली शंका जागेवरून आली. इंग्रजांनी पुण्याच्या दरबाराचं एक गाजलेलं चित्र केलं आहे. थॉमस डॅनियलने ते 1805 साली लंडनमध्ये मांडलं आणि चार्ल्स टर्नरने 1807मध्ये त्यावरून मेझोटिंट, म्हणजे पत्रा खरवडून केलेलं ठशाचं चित्र, छापलं. पुण्यातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांशी तह करतो आहे, असा तो प्रसंग. पण तो दरबार शनिवारवाड्यातल्या महालाचा आहे, सगळे बैठकीवर बसलेले आहेत. मिरजेच्या चित्रात मोकळं मैदान होतं आणि माणसं उभी होती. वयाचंही जमेना. सवाई माधवराव 1774चे, म्हणजे 1790च्या त्या तहाच्या वेळी सोळा वर्षांचे. इथला थोरला मुलगा फार तर दहाचा दिसतो.

मग चौकट उघडली. मागची फळी खिळ्यांनी ठोकलेली होती आणि आत चित्राच्या पाठीला पुठ्ठा खळीने चिकटवलेला होता. तो ओढून काढायचा मोह टाळला. असल्या ओढाताणीतच जुनी चित्रं मरतात. फायद्याची गोष्ट खालच्या बाजूला निघाली. चौकट लहान पडली म्हणून कुणीतरी कागदाचा खालचा पदर मागे दुमडला होता, आणि चित्राचं सगळं नावगाव त्या दुमडीतच दडलेलं होतं.

इंग्लंडमध्ये 1735 साली कोरीव चित्रांच्या हक्कांचा कायदा झाला. दुसऱ्याने नक्कल करू नये असं वाटत असेल, तर ज्यावरून चित्र छापायचं त्या प्रत्येक पत्र्यावर मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख कोरायची, अशी त्याची अट होती. त्यामुळे त्या काळातल्या बहुतेक इंग्रजी चित्रांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ सापडते: डावीकडे चित्रकार, उजवीकडे कोरणारा, मध्ये किंवा खाली प्रसिद्ध करणारा आणि तारीख. आमच्या दुमडलेल्या पदरावर डावीकडे एम. ब्राउन होता, उजवीकडे डी. ओर्म. मधल्या शीर्षकात लॉर्ड कॉर्नवॉलिस, टिपू आणि ओलीस हे तिन्ही शब्द धडधडीत होते. सालातले 1, 7 आणि 9 शाबूत होते, शेवटचा आकडा कसरीने खाल्लेला. कसरीला इतिहासाचं काय!

हे खरंच त्या काळचं ठशाचं काम आहे की नंतर कधीतरी पुस्तकातून छापलेली नक्कल, हे भिंगाने कळलं. थोरल्या मुलाच्या गालावर भिंग धरलं तर ठिपके दिसले, पण वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे एका जाळीत बसलेले नाहीत. कुठे दाट, कुठे विरळ, काही गोल, काही लांबट, आणि हनुवटीकडे वळताना त्यांची ओळही वळलेली. तांब्याच्या पत्र्यावर टोच्याने एकेक ठिपका देत चेहरा उठवायचा, या पद्धतीला स्टिपल म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये तिची चलती होती, कारण गाल, ओठ, लहान मुलांची कातडी यांना तिच्यात लोण्यासारखा मऊपणा येतो. कागदाच्या कडेला पत्र्याने दाबलेली खोलगट चौकोनी रेघ होती, तीही बोटाला लागली.

आणखी एक साधी पारख. पत्र्यावर जसं कोराल त्याच्या उलट कागदावर उमटतं. छापील चित्र समोर ठेवून कुणी घाईत नक्कल कोरली, तर तिच्यात डावं-उजवं बदलतं. कॉर्नवॉलिस, म्हणजे हिंदुस्थानातला इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल, गार्टर या मानाचा सरदार होता आणि त्या मानाचा तारा डाव्या छातीवर लावतात. आमच्या चित्रात तो डावीकडेच होता, तलवारीही डाव्या कमरेला. म्हणजे चोरटी नक्कल असण्याचा संभव कमी. एवढ्यावर मी घरच्यांना सांगितलं की हे मॅथर ब्राउनच्या चित्रावरून डॅनियल ओर्मने कोरलेलं आहे आणि ही दोन मुलं म्हैसूरच्या घराण्यातली आहेत: टिपू सुलतानाचे मुलगे, हैदरअलीचे नातू.

माजघर गप्प झालं. मग आजी म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही टिपूच्या पोरांपुढे उदबत्ती लावत होतो?"

प्रसंग 26 फेब्रुवारी 1792चा. इंग्रज, निजाम आणि मराठे यांनी मिळून टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण घेरली होती. टिपूने तहाच्या प्राथमिक अटी मान्य केल्या: निम्मं राज्य द्यायचं, 3 कोटी 30 लाख रुपये द्यायचे, आणि हे सगळं पुरं होईपर्यंत थोरल्या तीन मुलांपैकी दोघांना ओलीस ठेवायचं. अब्दुल खालिक सुमारे दहा वर्षांचा होता, मुइझुद्दीन आठांचा. इंग्रजी फौजेतला अधिकारी मेजर डायरम याने 1793 साली या मोहिमेची हकिकत छापली. त्यात त्या दिवसाचं वर्णन इतकं बारकाईने आहे की चित्रकारांनी ते शेजारी ठेवूनच काम केलं असावं असं वाटतं. मुलं सजवलेल्या हत्तींवर चांदीच्या हौद्यांत बसून आली. अंगात पांढऱ्या मलमलीचे पायघोळ झगे, डोक्यावर लाल पगड्या, गळ्यात मोत्यांचे सर आणि त्याला माणिक-पाचूचं पदक. किल्ल्यातून निघताना तोफांची सलामी, छावणीजवळ पोचल्यावर 21 तोफांची. कॉर्नवॉलिसने त्यांना मिठी मारली, हाताला धरून तंबूत नेलं, दोन बाजूंना बसवलं. टिपूचा वकील गुलाम अली खान म्हणाला की आज सकाळपर्यंत ही माझ्या धन्याची मुलं होती, आता त्यांनी आपल्याकडे बापाच्या जागी पाहायचं. मग कॉर्नवॉलिसने दोघांना एकेक सोन्याचं घड्याळ दिलं.

या शेवटच्या वाक्यांवर लंडनचा सगळा बाजार उभा राहिला. अमेरिकेतल्या वसाहती गमावताना यॉर्कटाउनला 1781 साली ज्याच्या फौजेने शरणागती पत्करली, तोच कॉर्नवॉलिस इथे जिंकला होता, आणि जिंकून वर मुलांना जवळ घेत होता. खपणारा विषय याहून दुसरा कुठला? ब्राउन, हेन्री सिंगलटन, जॉर्ज कार्टर, आर्थर डेव्हिस, एकामागून एकाने हा प्रसंग रंगवला. त्यावरून कोरीव चित्रं निघाली, पदक पाडलं गेलं. मद्रासच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात कॉर्नवॉलिसचा पुतळा आहे, त्याच्या चौथऱ्यावरही हीच मुलं कोरलेली आहेत.

यातला मॅथर ब्राउन मूळचा बोस्टनचा, लंडनमध्ये स्थायिक झालेला. हिंदुस्थानात त्याने पाऊल ठेवलं नव्हतं. आता पुन्हा मुलांच्या चेहऱ्याकडे भिंग न्या. गोबरे गाल, लहानशी जिवणी, जड पापण्या. पगडी झाकली तर ही लंडनमधल्या कुठल्याही खानदानी घरातली मुलं वाटतील. ब्राउनने आपल्या घराच्या आसपासची मुलं पाहिली होती, तीच काढली. मग ओर्मच्या ठिपक्यांनी त्यांना आणखी मऊ केलं. म्हणजे "टिपूच्या मुलांची तसबीर" म्हणून जे विकलं गेलं, त्यात गळ्यातले मोती खऱ्याच्या जवळ आहेत, पगडीचा रंग बरोबर आहे, आणि तसबिरीत जी गोष्ट असायलाच हवी ती नाही.

याला तोलून पाहायला एक माप उपलब्ध आहे, हे आपलं नशीब. रॉबर्ट होम नावाचा चित्रकार 1791 साली मद्रासला आला आणि फौजेबरोबर म्हैसूरच्या मोहिमेवर गेला. ओलीस मुलं आली तेव्हा तो छावणीत हजर होता. त्याने केलेलं मोठं तैलचित्र लंडनच्या लष्करी संग्रहालयात आहे. त्यात डाव्या कडेला बगलेत कागदांची वही धरून उभा असलेला माणूस म्हणजे स्वतः होम, जणू "मी होतो, मी पाहिलं" असं सांगायलाच उभा राहिलेला. होमचीही बाजू इंग्रजांचीच आहे आणि त्याच्याही मध्यभागी कॉर्नवॉलिसच आहे. पण त्याच्या मुलांना स्वतःची नाकं-डोळी आहेत. त्याच्याकडे हत्ती, तंबू, गर्दी, उन्हाची तिरीप हे सगळं कुठे ना कुठे पाहिलेलं वाटतं. लंडनच्या कारखान्यातल्या चित्रांत ते नेपथ्यासारखं मागे टांगलेलं असतं.

ओर्मने ब्राउनवरून या मालेतली आणखीही चित्रं कोरली. त्यात मुलं जनानखान्यातून निरोप घेतात असंही एक आहे. हे मला धिटाईचं कमाल टोक वाटतं. टिपूच्या जनानखान्यात कुठलाही इंग्रज गेला नव्हता, चित्रकार तर नाहीच. डायरम एवढंच सांगतो की मुलं निघाली तेव्हा सुलतान दरवाजाच्या वरच्या तटावर उभा होता. तटावर उभा राहून दोन हत्ती दूर जाताना बघणारा बाप, खरं तर चित्राला एवढं पुरेसं होतं. पण त्यात बायकांचे अश्रू नव्हते, आणि अश्रू दाखवले की मुलं इंग्रजांकडे नेणं हीच जणू त्यांची सुटका ठरते.

बापाची जागा घेतल्याच्या या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि तीही डायरमच्याच पुस्तकात सापडते. कोडगूच्या प्रदेशावरून मार्चमध्ये तहाची बोलणी अडली. टिपू म्हणाला की हा मुलूख सोडायचं ठरलं नव्हतं. तेव्हा मुलांबरोबर आलेल्या पहाऱ्याची शस्त्रं काढून घेतली गेली आणि मुलांना मद्रासकडच्या कर्नाटक प्रांताच्या वाटेला लावण्याची तयारी झाली. टिपूने मान तुकवली, 18 मार्चचा अंतिम तह झाला. सोन्याचं घड्याळ देणारा हात आणि पहारा निःशस्त्र करणारा हात एकाच माणसाचे होते. मुलं तारण होती. सावकाराने तारणातल्या दागिन्यावर माया करावी, तशी ही माया. पैसे फिटल्यावर 1794 साली मद्रासहून कॅप्टन डव्हटन त्यांना परत घेऊन गेला आणि देवनहळ्ळीला बापलेकांची भेट झाली.

आता मिरजेकडे येतो. घरच्यांचा "पेशव्यांचा दरबार" चुकीचा असला, तरी भलतीकडचा नव्हता. डॅनियलच्या चित्रात मॅलेट पुण्यात जो तह करतो, तो टिपूविरुद्धच्याच युतीचा. म्हणजे दोन्ही चित्रं एकाच लढाईची, एक तिच्या सुरुवातीचं आणि एक शेवटचं. श्रीरंगपट्टणापाशी हरिपंत फडके मराठ्यांची फौज घेऊन होते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी आधीच धारवाडचा किल्ला घेतला होता, त्यांच्याबरोबर कॅप्टन लिटलची इंग्रजी तुकडी होती. त्या तुकडीतल्या एडवर्ड मूरने 1794 साली त्या मोहिमेवर पुस्तकही लिहिलं. मिरज ही पटवर्धनांची. पेशव्यांनी त्यांना दक्षिणेकडचा मुलूख दिला त्यामागे हैदरला रोखणं हा मोठा हेतू होता. टिपूकडून मिळालेल्या मुलुखाचे तीन सारखे वाटे झाले, त्यातला एक मराठ्यांचा. पण चित्राच्या शीर्षकात एकटा कॉर्नवॉलिस आहे. लंडनच्या गिऱ्हाइकाला दोस्तांचा वाटा दाखवून उपयोग नव्हता. घरच्यांनी अजाणता ती कसर भरून काढली, म्हटलं तर. इंग्रजाच्या चित्रात त्यांनी आपला पेशवा बसवला.

अंतिम तहाच्या दिवशीचा एक प्रसंग डायरमने नोंदवला आहे. तो मला सगळ्या चित्रांपेक्षा प्यारा आहे. तहाचे कागद मुलांच्याच हातून द्यायचे होते. दोस्तांच्या वकिलांना कागद देताना एक वकील काहीतरी पुटपुटला. थोरल्याने विचारलं, कुरकुर कसली चालली आहे? आणि उत्तराची वाट न पाहता ऐकवलं की तुमच्या धन्यांना नाराज व्हायचं काही कारण नाही, तेव्हा गप्प राहिलात तरी चालेल. दहा वर्षांचं पोर, राज्य निम्मं झालेलं, स्वतः ओलीस, आणि हे उत्तर. लिहिणारा शत्रूच्या गोटातला अधिकारी, त्याला हे लिहायचं काही अडलं नव्हतं. ब्राउनने तहाचे कागद देतानाचंही चित्र केलं आणि ओर्मने तेही कोरलं. पण हा मुलगा त्यात नाही, तिथेही तेच गोबरे गाल.

या घराण्याच्या नशिबी चेहऱ्यांचा हा घोळ आधीपासूनच होता. हैदर दाढी, मिशा आणि भुवयासुद्धा भादरत असे, असं त्या काळच्या वर्णनांत आहे. युरोपातल्या चित्रांत मात्र तो बऱ्याचदा झुपकेदार दाढीमिशांचा तुर्क सुलतान होऊन येतो. एका फ्रेंच चित्राखाली तर त्याला मराठ्यांचा सेनापती म्हटलं आहे! माधवराव पेशव्यांनी ज्याच्यावर स्वाऱ्यांमागून स्वाऱ्या केल्या, तो हैदर मराठ्यांचा सेनापती. पुढे 1780 साली इंग्रजांविरुद्ध हैदर, निजाम आणि मराठे एकत्र आले होते. लांबून बघणाऱ्याला हिंदुस्थानातले इंग्रजांचे सगळे वैरी एकाच गोळ्यासारखे दिसत असणार.

टिपूचं वर्णन त्याच्या मृत्यूच्या रात्रीचं आहे. 4 मे 1799ला त्याचं प्रेत शोधणाऱ्यांत असलेल्या मेजर ॲलनने लिहिलं आहे: ठेंगणा, स्थूल, आखूड जाड मान, पण हातपाय कमालीचे लहान, रंग सावळा, डोळे मोठे, नाक बाकदार. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेतल्या भित्तिचित्रांत पोल्लिलूरच्या लढाईत तो हत्तीवर शांतपणे फूल हुंगताना दिसतो, पातळ मिशी, दाढी नाही. आजकाल मोबाइलवर फिरणारा "टिपूचा खरा फोटो" मात्र दाढीवाल्या माणसाचा आहे, आणि तो माणूस आफ्रिकेतल्या झांझिबारकडचा गुलामांचा व्यापारी. टिपू गेल्यानंतर चाळीस वर्षांनी फोटो काढायची कला जगापुढे आली, एवढी एक गोष्ट आठवली तरी तो पुढे ढकलणारा अंगठा थांबावा. फोटो आहे तो टिपूच्या धाकट्या मुलाचा, गुलाम मुहम्मदचा. टिपूनंतर हे घराणं वेल्लोरच्या किल्ल्यात ठेवलेलं होतं; तिथल्या 1806च्या बंडानंतर इंग्रजांनी त्याला कलकत्त्याला नेऊन ठेवलं. तिथे त्याने धर्मतल्ल्याची मशीद बांधली. तो 1872पर्यंत जगला.

हसण्याआधी आपलंही बघावं. शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र आपल्याकडे छापलं जात होतं, ते इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं होतं, हे वा. सी. बेंद्रे यांनी 1933 साली डचांकडून आलेलं चित्र पुढे आणून दाखवलं. तोवर पिढ्यान्‌पिढ्यांनी त्याच चेहऱ्याला हात जोडले होते. मिरजेच्या आजींची चूक त्यापुढे किती लहान.

चौकटीचं काम मग पुढे सरकलं. मागचा पुठ्ठा तसाच ठेवला, तो काढायला कागदाच्या दुरुस्तीतला जाणता माणूस हवा. खालचा पदर उलगडून सपाट केला आणि त्याच्यासह मावेल एवढी मोठी चौकट केली. काच आणि कागद एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये जाड कागदाची पट्टी घातली. मिरजेच्या पावसात काचेला चिकटलेलं चित्र सोडवताना चेहराच सोलून निघतो. माजघरातल्या ओल्या भिंतीवरून उचलून ते जिन्याजवळच्या कोरड्या भिंतीवर लावलं.

मागे चिकटवायला मी चार ओळींची चिठ्ठी लिहिली: प्रसंग कोणता, कधीचा, चित्रकार आणि कोरणारा कोण, आणि "मुलांचे चेहरे प्रत्यक्ष पाहून काढलेले नाहीत". घरातल्या शाळकरी नातवाने ती वाचून विचारलं, मग हे खरे टिपूचे मुलगे आहेत की नाहीत? मी त्याला डायरमच्या पुस्तकातलं ते उत्तर सांगितलं, गप्प राहिलात तरी चालेल असं म्हणणाऱ्या मुलाचं. त्याला ते फार आवडलं. त्या संध्याकाळी तो कुणी काही बोललं की तेच उत्तर देत फिरत होता. आजी तेवढ्या चित्रासमोर उभ्या राहून थोरल्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "नाकी डोळी माधवरावच दिसतोय हो."